औषधाला ‘थारा’ देणारं प्रथिन

प्रश्न कोथरूडच्या एका ताईंचा आहे. वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग आहे. गाठीच्या तपासणीत ‘केआरएएस जी१२सी’ (पेशीत वाढीचा संकेत पुढे देणाऱ्या केआरएएस या प्रथिनातला एक बदल) आलं आणि डॉक्टर म्हणाले, “हे टार्गेट आहे, यावर औषध निघालंय.” गावाकडच्या काका-आत्यांना हे मराठीत लिहून कळवायचं आहे. ‘सिग्नलिंग प्रोटीन’ला संदेशवाहक प्रथिन म्हणावं की संकेत प्रथिन? आणि ‘ड्रग टार्गेट’ला ‘लक्ष्य’ चालेल का?

ताई, ‘संदेशवाहक’ टाळा. तो शब्द संदेशवाहक आरएनएसाठी आधीच रुळला आहे. पुण्यातल्याच जेनोव्हा कंपनीच्या कोविड लशीला २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची मंजुरी मिळाली, ती याच आरएनएवर बेतलेली होती. एकच विशेषण दोघांना लावलं तर घोटाळा होईल. शिवाय संदेशात मजकूर असतो; संकेत म्हणजे दोघांत आधीच ठरलेली खूण. प्रेमिकांची भेटायची ठरलेली जागा ते संकेतस्थळ, हा त्या शब्दाचा जुना अर्थ, वेबसाइट फार नंतरची. पेशीतही तसंच असतं: येणारा रेणू आणि तो ओळखणारा ग्राही (रिसेप्टर) एकमेकांसाठी ठरलेले असतात. म्हणून ‘संकेत’ मला नेमका वाटतो. नुसतं ‘सिग्नल’ लिहिलंत तर अर्थ उलटा लागायची भीती आहे. आपल्याकडे ‘सिग्नल लागला’ म्हणजे थांबायचं. इथे मात्र तो पेशीला वाढायला सांगतो. ‘वाढीचा संकेत’ असं पूर्ण लिहा.

‘प्रथिन’ शब्दाचीही काळजी घ्या. घरात प्रथिनं म्हटलं की डाळ, अंडी, दूध आठवतं. ‘प्रथिनात बिघाड’ एवढंच वाचलं तर आत्या वडिलांची डाळ बंद करायला सांगतील. ‘पेशीतलं एक प्रथिन’ असं लिहिलं की हा गैरसमज टळतो.

आता लक्ष्य. आधी शुद्धलेखन: ‘लक्ष’ म्हणजे ध्यान, ‘लक्ष्य’ म्हणजे ज्यावर नेम धरायचा ते. ‘टार्गेटेड थेरपी’ला ‘लक्ष्यवेधी उपचार’ असा शब्द सुचतो, पण वाचणारा तो ‘लक्षवेधी’ वाचणार आणि त्याला विधानसभेतली सूचना आठवणार. माझी खरी अडचण मात्र अर्थाची आहे. ‘केआरएएस हे औषधाचं लक्ष्य’ म्हटलं की ते प्रथिन शत्रू वाटतं, मारून टाकायचं. ते तर निरोगी पेशीतही असतं आणि तिथे त्याचं काम असतं.

हे काम थोडं जवळून बघू. केआरएएस पेशीच्या आवरणाला आतून चिकटलेलं असतं. वाढीचा संकेत आला की ते जीटीपी नावाचा रेणू धरतं आणि चालू होतं. मग रॅफ, मेक, अर्क अशा प्रथिनांच्या साखळीतून तो संकेत पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतो. जीटीपीचा एक तुकडा गळून त्याचं जीडीपी झालं की केआरएएस बंद पडतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; ‘जी१२सी’ म्हणजे तिच्यात बाराव्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी सिस्टीन. एवढ्या बदलाने बंद होणं मंदावतं आणि पेशी वाढतच राहतात.

केआरएएस ज्या कुटुंबातलं, त्या रास जनुकांचा मानवी कर्करोगातला बिघाड १९८२ मध्ये कळला, तरी औषध यायला जवळपास चाळीस वर्षं गेली. या प्रथिनाचा पृष्ठभाग बराच गुळगुळीत, औषध रुतून बसेल अशी खाच दिसेना. आणि जीटीपीला ते इतकं घट्ट धरतं की त्याला हुसकावणं अवघड. शास्त्रज्ञ अशा प्रथिनांना ‘अनड्रगेबल’ म्हणत. याला मराठीत काय म्हणायचं? ‘औषधाला दाद न देणारं’ चटकन सुचतं, पण दाद न देणं म्हणजे औषध पोचलं आणि गुण आला नाही. इथे औषधाला टेकायलाच जागा नव्हती. त्याला आपल्याकडे शब्द आहे: थारा. ‘औषधाला थारा न देणारं प्रथिन’.

२०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या केव्हन शोकाट यांच्या प्रयोगशाळेने या बदललेल्या सिस्टीनजवळ एक खाच दाखवून दिली. २०२१ मध्ये अमेरिकेत सोटोरासिबला मंजुरी मिळाली. ते औषध त्याच सिस्टीनला कायमचं जोडलं जातं आणि प्रथिनाला बंद अवस्थेत अडकवून ठेवतं. मूळ प्रथिनात बाराव्या जागी सिस्टीन नसतंच, म्हणून ते सुटतं. ज्या बदलाने रोग झाला त्यानेच औषधाला थारा दिला. ‘लक्ष्य’ शब्दात यातलं काही येत नाही. ‘दाद’ही राखून ठेवा, कारण बऱ्याच रुग्णांत काही महिन्यांनी गाठ या औषधाला दाद देईनाशी होते, आणि ते सांगायला तोच शब्द लागेल.

तुमच्या पत्रासाठी असं लिहून बघा: “बाबांच्या गाठीतल्या पेशींमध्ये केआरएएस नावाचं एक प्रथिन बदललंय. पेशींना वाढीचा संकेत पुढे देणं हे त्याचं काम. ते आता लवकर बंद होत नाही. ज्या जागी ते बदललंय तिथेच धरून त्याला बंद ठेवणारं औषध आहे. ते कधी द्यायचं हे डॉक्टर ठरवतील. याचा खाण्यातल्या प्रथिनांशी संबंध नाही.”

रिपोर्टमधली अक्षरं मात्र जशीच्या तशी उतरवा. शेवटच्या ‘सी’च्या जागी ‘डी’ पडला तर तो वेगळाच बदल होतो, स्वादुपिंडाच्या कर्करोगात जास्त आढळणारा. त्यात बाराव्या जागी सिस्टीन नसतं, त्यामुळे सोटोरासिब तिथे धरत नाही.