फुकट गेमचा गल्ला

प्रश्न : काका, नमस्कार. मुलगा सातवीत आहे. मोबाइलवर एक गेम खेळतो. गेम फुकट, म्हणून मी कधी अडवलं नाही. परवा पासबुक भरून आणलं तर कुठे 89 रुपये, कुठे 449, अशा अकरा नोंदी, बेरीज 2,059. माझा यूपीआय पिन त्यानं बघून बघून पाठ केलेला. त्याला बोलले ते बोललेच, पण एक कळत नाही. वस्तू फुकट वाटून कंपनी श्रीमंत कशी होते?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, आधी माझाच गुन्हा कबूल करतो. 1994 पासून नऊ वर्षं इचलकरंजीत माझं व्हिडिओ गेम पार्लर होतं. चार मशिनं, रुपयाला एक टोकन. कॅपकॉम कंपनीचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा गेम 1993 चा, पण हे नाव एकाही पोराला ठाऊक नव्हतं. त्यातल्या टोपीवाल्या गड्यावरून सगळे त्याला ‘मुस्तफा’ म्हणायचे. मशीनच्या आत सेटिंग असायचं : खेळ किती अवघड ठेवायचा, टोकनला जीव किती द्यायचे. शनिवारी गर्दी झाली की मी ते हळूच एक घर वर सरकवायचो. पोरगा बॉसपाशी, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या तगड्या शत्रूपाशी, मरायचा, पुढे खेळायला नवं टोकन टाका म्हणून पडद्यावर नऊ, आठ, सात असे उलटे आकडे सुरू व्हायचे आणि तो खिसे चाचपायला लागायचा. त्या काही सेकंदांवर माझं दुकानभाडं निघायचं.

तुमच्या मुलाच्या मोबाइलमध्ये तेच सेकंद आहेत. पण माझ्या पार्लरात नुसतं बघत उभं राहणारं पोर म्हणजे खोळंबा, मी हाकलून द्यायचो. आता ते पोर, म्हणजे पैसे न देता खेळणारं, कामाचं झालंय. एकीकडे त्याला जाहिराती दाखवता येतात. दुसरं म्हणजे, बघणारेच नसतील तर गेममधल्या आपल्या गड्यासाठी विकत घेतलेला झगमगीत पोशाख मिरवायचा कुणापुढे? ‘कँडी क्रश’वाली किंग कंपनी 2014 साली न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली, तेव्हा तिच्या कागदपत्रांप्रमाणे शंभर खेळणाऱ्यांत पैसे देणारे जेमतेम चार होते. तरी 2016 मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्डनं ती 590 कोटी डॉलरना विकत घेतली. शहाण्णव जणांनी एक छदाम दिला नाही, तरीही!

आता गेमच्या आत पैशांऐवजी चालणाऱ्या हिऱ्या-नाण्यांची गंमत. माझं टोकन सरळ होतं, रुपयाला एक. इथे हिशेब मुद्दाम वाकडा ठेवतात. समजा पोशाख 80 हिऱ्यांचा, पण पाकीट मिळणार 100 चं. उरलेले 20 डोळ्यांत खुपतात, मग ते खपवायला दुसरं पाकीट. वाणी सुट्ट्या पैशांऐवजी हातावर चॉकलेट टेकवतो ना, तसंच. फक्त हे चॉकलेट त्याच्याच दुकानात चालतं. आणि 80 हिरे म्हणजे किती रुपये, हे बारा वर्षांचं पोर थांबून मोजत नाही. खरं तर मीही मोजलं नसतं.

आत काय निघेल ते न सांगता पेटी विकायची, हा प्रकार तर मला सरळ मटक्याचा भाऊ वाटतो. बेल्जियमनं 2018 मध्येच त्याला जुगार ठरवलं. आपल्याकडे 2025 च्या कायद्यानं पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन गेम बंद केले. तुमच्या मुलाचा गेम त्यात सापडत नाही, कारण त्यात पैसे जिंकताच येत नाहीत, नुसते जातात!

एकट्या पोराला दोष देऊ नका. ‘फोर्टनाइट’ गेमच्या एपिक कंपनीनं 2022 मध्ये अमेरिकी सरकारशी तडजोड करून गिऱ्हाइकांना परत देण्यासाठी 24.5 कोटी डॉलर मोजायचं मान्य केलं. बटणांची रचनाच अशी होती की चुकून खरेदी व्हावी, आणि मुलांनी आईबापांना न विचारता खरेदी केली तरी कुणी अडवत नव्हतं, असा आरोप होता.

पिन आजच बदला. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायला लावा. खरेदीला 48 तास झाले नसतील तर गूगलकडे पैसे परत मागता येतात. त्यामुळे पुढच्या वेळी पासबुकाची वाट बघू नका, बँकेचे मेसेज वाचा.

प्रश्न : आम्ही तिघं मित्र कॉम्प्युटरसाठी गेम बनवतोय. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात विकला तर हातात किती पडेल?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : नाव नोंदवायला गेममागे 100 डॉलर लागतात, विक्री 1,000 डॉलरवर गेली की ते परत मिळतात. विक्रीतले 30 टक्के स्टीमचे. दर 25 वर यायला विक्री एक कोटी डॉलर व्हावी लागते, तेव्हा ते सध्या विसरा. मला जास्त काळजी दुसऱ्या नियमाची वाटते : चौदा दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळून झालं असेल तर गिऱ्हाईक पैसे परत मागू शकतं. तुमचा गेम दीड तासात संपत असेल तर लोक तो पूर्ण खेळून परत करतील. माझ्या पार्लरात वापरलेलं टोकन परत मागायला कुणी आलं असतं तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं. तुमचा गेम किती तासांचा आहे ते कळवा, मग किमतीचं बोलू.