दत्तक घेतलेली 11 वर्षांची मांजर पलंगाखालून बाहेरच येत नाही, नीट खातही नाही. काय करावं?

लपून बसण्याची काळजी सोडा, खाण्याची करा. या वयाची मांजर नव्या घरात आठवडा-दोन आठवडे दडून राहिली तरी बिघडत नाही. पण 24 तासांत तोंडाला काहीच लावलं नाही तर व्हेटला फोन करा, तिसरा दिवस उजाडू देऊ नका. मांजर उपाशी राहिली की अंगातली चरबी यकृतात साचत जाते आणि यकृत काम करेनासं होतं. अंगाने भरलेल्या मांजरीला हा धोका जास्त.

म्हणून पहिले काही दिवस आधीच्या जागी खायची तेच द्या. ब्रँड बदलायचाच असेल तर नंतर, 7 ते 10 दिवसांत थोडंथोडं मिसळत. ओल्या खाण्याचं पाकीट गरम पाण्यात पाचेक मिनिटं बुडवून ठेवा. कोमट झालं की वास सुटतो आणि म्हाताऱ्या मांजरी वासावरच खातात. उकडलेलं चिकन चालेल, पण हाडं, मीठ, कांदा-लसूण काही नको. तोंडात कोंबू तर मुळीच नका, नाहीतर वाटी पाहिली तरी पळेल.

तिला तूर्त एकच खोली द्या. पलंगाखालून ओढून काढू नका. दोन बाजूंनी भोकं पाडलेला खोका ठेवा, आत तिचं जुनं अंथरूण, न धुतलेलं. खिडक्यांना जाळी हवीच. खाणं-पाणी एका कोपऱ्यात आणि शीचा ट्रे समोरच्या. ट्रेची आत जायची कड 7-8 सेंटिमीटरपेक्षा उंच नको. या वयात सांधे दुखतात, उंच कड ओलांडवत नाही, मग ती बाहेर करते आणि बिचारीला 'घाणेरडी सवय' म्हणून बोलणी बसतात. ट्रे आणि फरशी साध्या साबणाच्या पाण्याने धुवा. फिनेल घरातून बंद करा: ते पंजांना लागतं, ती पंजे चाटते आणि मांजरीचं यकृत ते पचवू शकत नाही.

रोज थोडा वेळ जमिनीवर बसा, तिच्याकडे टक लावून न बघता. जवळ आली तर आधी बोट हुंगू द्या, मग गाल, हनुवटी. पोटाला हात नको.

अंगाला हात लावू दिला की नखं बघा, त्यातही पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं, जमिनीला न टेकणारं. म्हाताऱ्या मांजरी नखं कमी घासतात. ते नख जाड होऊन गोल वळतं आणि पंजाच्या गादीत रुततं. रुतलेलं दिसलं तर घरी ओढू नका, व्हेटकडूनच काढून घ्या.

खायला-प्यायला लागली की पहिल्या पंधरवड्यात एकदा रक्त-लघवी, थायरॉइड, रक्तदाब आणि दात तपासून घ्या. पाणी खूप पिते, ट्रेमध्ये लघवीचे मोठे गोळे सापडतात: मूत्रपिंड किंवा मधुमेह बघावा लागेल. खा-खा खाऊनही वाळत चाललीय: बहुतेकदा थायरॉइड.

बोका आणलेल्या कुणी हे वाचत असेल तर, तो ट्रेमध्ये बसून जोर लावतोय आणि लघवीचा थेंबही येत नाही असं दिसलं तर रात्र असली तरी तडक दवाखाना गाठा. मूत्रमार्ग तुंबला की सकाळपर्यंत वेळ नसतो. आणि दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल कधीच देऊ नका, मांजरीचा जीव जायला एक गोळीही पुरते.