एमिलिया ही बाई नव्हे, वाट

प्रश्न असा आला: इटलीतल्या इमोला गावच्या फॉर्म्युला वन शर्यतीला २०२० पासून ‘एमिलिया-रोमान्या ग्रां प्री’ म्हणू लागले. यातली एमिलिया कोण? राणी, की कुणी संत?

दोन्ही नाही. तो एक रस्ता आहे. इ.स.पू. १८७ मध्ये मार्कस एमिलियस लेपिडस या रोमन कॉन्सलने (म्हणजे निवडून आलेल्या सर्वोच्च अधिकाऱ्याने) रिमिनीपासून पिआचेंझापर्यंत सुमारे २६० किलोमीटरचा रस्ता करवून घेतला. लॅटिनमध्ये रस्त्याला ‘विआ’ म्हणतात आणि हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून एमिलियसांची ती ‘विआ एमिलिया’. आपणही रस्ता असला तर ‘त्यांचा’ म्हणतो आणि वाट असली तर ‘त्यांची’.

अशा रस्त्यांना सहसा करवून घेणाऱ्याच्या घराण्याचं नाव मिळे. सगळ्यात गाजलेली वाट मात्र नेमकी अपवाद! इ.स.पू. ३१२ ची विआ आप्पिया आप्पियस क्लॉडियसची. रिवाजाने ती ‘क्लॉडिया’ व्हायची, पण तिला चिकटलं ते त्याचं पाळण्यातलं नाव.

आता रस्त्याचं नाव इमोला ज्यात येतं त्या प्रांताला कसं लागलं? पो नदीचं मैदान आणि अपेनाईन डोंगर यांच्या सांध्यावरून ही वाट जवळजवळ सरळ जाते. फोर्ली, फाएंझा, इमोला, बोलोन्या, मोदेना, पार्मा ही सगळी गावं तिच्यावरच. त्यामुळे पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात जो इटलीचा आठवा विभाग झाला, त्याला पुढे ‘एमिलिया’च म्हणू लागले. नंतरच्या शतकांत प्रांत म्हणून हे नाव मागे पडलं, आणि १८५९-६० च्या इटलीच्या एकीकरणाच्या धामधुमीत पार्मा-मोदेनाचे ड्यूक गेल्यावर पुन्हा वर काढलं गेलं. ‘रोमान्या’ ही वेगळी, पूर्वेकडची. उत्तरेकडून आलेल्या लोम्बार्ड टोळ्यांच्या ताब्यात न गेलेला ‘रोमनांचा’, म्हणजे बायझंटाइनांचा (पूर्व रोमन साम्राज्याचा), मुलूख. प्रांताचं आजचं जोडनाव १९४८ च्या संविधानातलं.

मला यात सगळ्यात मजेशीर वाटतं ते रेज्जो एमिलिया हे शहर. त्याचं जुनं नाव ‘रेगियम लेपिडी’, म्हणजे त्याच लेपिडसचं रेगियम. काळाच्या ओघात ‘लेपिडी’ गळून पडलं, नुसतं ‘रेज्जो’ उरलं. पण दक्षिणेत कालाब्रियातही एक रेज्जो आहे! घोटाळा नको म्हणून इथल्या रेज्जोला प्रांताचं ‘एमिलिया’ जोडलं. ‘लेपिडस’ हे नाव शहराने टाकलं, आणि त्याच्याच घराण्याचं नाव रस्त्यावरून फिरून परत त्याला येऊन चिकटलं.