नियम एक, प्रती तीन

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाची धोरणे जुनी परिपत्रके, सभांची इतिवृत्ते आणि विभागांच्या फायलींत विखुरलेली आहेत. पुनर्मूल्यांकनाच्या नियमाच्याच तीन प्रती सापडल्या, तिन्हींत मुदत वेगळी. नियमपुस्तिका करायची तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर : लिहायला घेण्याआधी यादी करा. प्रत्येक धोरणापुढे मंजुरी देणारे मंडळ, ठरावाची तारीख आणि जबाबदार पद लिहा. पदच, व्यक्तीचे नाव नको. माणूस बदलला की धोरण पोरके होते. तीन प्रतींपैकी ज्या मुदतीला ठरावाचा आधार आहे तीच ग्राह्य. आधार एकीलाही नसेल, तर विषय पुन्हा मंडळापुढे न्या, कार्यालयात परस्पर निवड करू नका.

धोरण आणि कार्यपद्धती मात्र वेगळ्याच ठेवा. ‘निकालानंतर पुनर्मूल्यांकन मागता येईल’ हे धोरण. अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा ही कार्यपद्धती. दोन्ही एकत्र लिहिलीत तर खिडकी बदलायलाही सभा लागते, आणि मग कोणी बदलतच नाही. पुस्तिका जुनी पडते ती बहुतेक वेळा इथेच.

अधिकृत प्रत एकच, संकेतस्थळावर. विभागांनी आपल्याकडे प्रत न ठेवता दुवा द्यावा. जुन्या आवृत्त्या पुसू नका. विद्यार्थ्याची तक्रार आली की त्या तारखेला लागू असलेला नियमच पाहावा लागतो. फेरआढावा ‘आवश्यकतेनुसार’ असे लिहिले की तो होत नाही. प्रत्येक धोरणावर पुढची तारीख छापा. साधारण तीन वर्षे पुरेत, परीक्षा आणि शुल्काला मात्र दरवर्षी.