बकलावा म्हणजे तुर्की चिरोटा आहे का? आपल्या गोड पदार्थांचे जगातील खरे नातेवाईक कोणते?

आपण प्रश्नात एका तक्त्याचा उल्लेख केला आहे. बकलावा म्हणजे तुर्की चिरोटा, चुरो म्हणजे स्पॅनिश जिलबी आणि वाफवलेले डम्पलिंग म्हणजे परदेशी मोदक, अशा जोड्या त्यात लावल्या आहेत. त्या कितपत खऱ्या आहेत आणि आपल्या मराठी पक्वान्नांना जगात खरोखर कोणी नातेवाईक आहेत का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात नारायण पेठेत राहते आणि गेली सव्वीस वर्षे संक्रांतीचा हलवा व हलव्याचे दागिने मागणीप्रमाणे करून देते. त्यामुळे उत्तर देताना माझा कल ताटातल्या रूपापेक्षा हाताच्या कामाकडे झुकणार, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या मते तक्त्यातील तिन्ही जोड्या चुकल्या आहेत. मात्र जिलबी आणि मोदक या दोघांनाही परदेशात खरे नातेवाईक आहेत. ते तक्ता करणाऱ्याला सापडले नाहीत, एवढेच.

प्रथम चिरोट्याविषयी. बकलाव्यालाही पदर असतात आणि तोही पाकात भिजतो, म्हणून ही जोडी सुचणे साहजिक आहे. परंतु बकलाव्यातील प्रत्येक पदर ही स्वतंत्र पोळी असते. ती लांब, बारीक लाटण्याने, स्टार्चची पिठी भुरभुरून जवळजवळ पारदर्शक होईपर्यंत लाटतात, अशा अनेक पोळ्या एकमेकींवर रचतात, मध्ये पिस्ता किंवा अक्रोड घालतात, वरून लोणी सोडतात आणि सगळे भट्टीत भाजून मग पाक ओततात. चिरोट्यात आपण दोन-तीनच पोळ्या लाटतो, त्यांच्यामध्ये तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावतो, वळकटी करून कापतो आणि ती लाटी पुन्हा हलक्या हाताने लाटून तुपात तळतो. पदर सुटतात ते साट्यामुळे, कारण तुपाने माखलेली पिठी दोन पोळ्यांना एकजीव होऊ देत नाही. हीच युक्ती चिनी भट्टीकामात आहे. तेथे एक पीठ पाण्यात आणि दुसरे केवळ स्निग्ध पदार्थात मळतात, दोन्ही एकत्र लाटून त्यांची वळकटी करतात. मलेशियातील ‘करिपाप पुसिंग’ नावाची तळलेली करंजी याच पद्धतीने होते आणि तिच्या अंगावरची चक्राकार रेघ पाहिली, तर कोणालाही चिरोटाच आठवेल. आत बटाट्याचे तिखट सारण असते, ही गोष्ट वेगळी. तेव्हा चिरोट्याची कृती शोधायची असेल, तर इस्तंबूलपेक्षा मलाक्काच्या बाजूला पाहावे.

यात बकलाव्याचा मान कमी होत नाही. उस्मानी सुलतान रमजानच्या पंधराव्या दिवशी जानिसारी म्हणजे आपल्या खास पायदळातील सैनिकांना दर दहा जणांमागे एक ताट याप्रमाणे बकलावा देत असत आणि ती ताटे मिरवणुकीने बराकीत नेली जात. १८२६ साली ते सैन्यच मोडीत निघाले, तेव्हा प्रथाही संपली. गाझियानतेप शहराच्या बकलाव्याला २०१३ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक निर्देशनाचे (जीआय) संरक्षण मिळाले आणि तसे संरक्षण मिळालेला तो तुर्कस्तानचा पहिला पदार्थ ठरला.

आता जिलबी. चुरोचे पीठ उकळत्या पाण्यात भिजवतात, ते आंबवत नाहीत, चांदणीच्या तोंडाच्या साच्यातून तेलात सोडतात आणि वरून साखर पेरतात किंवा दाट चॉकलेटात बुडवून खातात. आपल्याकडे त्याचा जवळचा सोबती शोधायचा तर तो सोऱ्यातून पाडलेल्या चकलीत सापडेल. जिलबीचे मर्म दोन गोष्टींत आहे: पीठ आंबलेले हवे आणि तळलेले वेटोळे आतून पोकळ राहून त्यात पाक शिरला पाहिजे. या दोन्ही कसोट्यांवर उतरणारा पदार्थ इराणमध्ये ‘झुलबिया’ आणि अरबी देशांत ‘झलाबिया’ या नावाने आहे. इराणमध्ये रमजानच्या संध्याकाळी तो ‘बामिये’ नावाच्या दुसऱ्या तळणाबरोबर खातात, तर अल्जीरियातील बूफारिक गावची झलाबिया रमजानमध्ये दुरून दुरून लोक घेऊन जातात. बगदादमधील दहाव्या शतकातील पाकग्रंथात झलाबियाची कृती आहे. आपला ‘जिलबी’ हा शब्द तेथूनच आला आहे.

पुणेकर म्हणून मला येथे एक नोंद केल्यावाचून राहवत नाही. जिलबीच्या भारतातील इतिहासाचा कागदोपत्री माग काढण्याचे काम आपल्याच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी केले. इसवी सन १४५० च्या सुमारास जिनसूर या जैन लेखकाने लिहिलेल्या ‘प्रियंकरनृपकथा’ या ग्रंथात एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या भोजनात जिलबी येते, हे त्यांनी दाखवले. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याबरोबर जिलबीचा आग्रह करणाऱ्या आपल्या मंडळींना ती बाहेरून आली असे सांगितले की थोडे वाईट वाटते, असा माझा अनुभव आहे. पण पाचशे-साडेपाचशे वर्षे एका घरात राहिलेल्या व्यक्तीला पाहुणा कोण म्हणेल? शिवाय आपल्याकडे आल्यावर तिला एक बहीणही झाली. इमरती मैद्याऐवजी उडदाच्या वाटलेल्या डाळीची असते, आणि डाळ वाटून तळण्याचे हे कसब अगदी इथले आहे.

मोदकाचे प्रकरण सर्वांत गमतीचे आहे. कणकेत काहीतरी भरून वाफवणे हे जगात इतक्या ठिकाणी चालते की केवळ त्यावरून नाते जोडण्यात अर्थ नाही. जावा बेटावरील ‘क्लेपोन’ तांदळाच्या पिठाचा असतो, त्याच्या पोटात ताडगूळ आणि अंगावर ओला खवलेला नारळ असतो. म्हणजे सामग्री जवळजवळ उकडीच्या मोदकाचीच. परंतु जेथे भात पिकतो, नारळ लागतो आणि ताड-माडाचा किंवा उसाचा गूळ होतो, तेथे हे तिघे कधी ना कधी एकत्र येणारच. कोकणात आले, जावात आले. याला मी शेजारधर्म म्हणेन.

खरा भाऊबंद दिसायला मात्र मुळीच मोदकासारखा नाही. जपानी बौद्ध परंपरेत गणपती ‘कांगितेन’ या नावाने पूजला जातो आणि त्याला ‘कांकिदान’ नावाचा नैवेद्य दाखवतात. बौद्ध धर्माबरोबर तो चीनमार्गे जपानला पोहोचला आणि त्याचे मूळ मोदकात मानले जाते. क्योतो शहरात १६१७ साली स्थापन झालेले कामेया कियोनागा हे दुकान तो आजही करते. गव्हाच्या आणि तांदळाच्या पिठाची पारी, आत लाल चवळीसारख्या अझुकी कडधान्याचे गोड पुरण, त्यात सात प्रकारची सुगंधी द्रव्ये, आणि हे सगळे तिळाच्या तेलात तळलेले. पुरचुंडीसारखे वर एकत्र केलेले त्याचे तोंड आठ कळ्यांचे असते आणि त्या आठ कळ्या कमळाच्या पाकळ्या समजतात. नारळ नाही, गूळ नाही, वाफ नाही, आणि तरीही तो गणपतीचाच प्रसाद. चवीवरून नाते ओळखू गेलो असतो, तर हा भाऊ आपण दारातूनच परत पाठवला असता.

पुरणाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. गोड डाळ ही कल्पना युरोपातील माणसाला विचित्र वाटते, पण पूर्व आशियात ती घरोघरी आहे. जपानी ‘आन’ करताना अझुकी शिजवून, चाळणीतून गाळून साखरेबरोबर आटवतात. आपल्या पुरणयंत्राचे काम तेथे चाळणी करते. गाळलेल्याला आणि न गाळलेल्याला वेगवेगळी नावे आहेत आणि त्यावरून घराघरांत मतभेद आहेत, हे ऐकल्यावर मला अगदी माहेरी गेल्यासारखे वाटले.

आता माझ्या कामाविषयी, म्हणजे हलव्याविषयी, जो आपल्या तक्त्यात नाही आणि असायला हवा होता. माझा भाचा जपानी भाषा शिकून क्योतोला नोकरीस गेला (पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची काही कमतरता नाही), आणि पहिल्या सुटीत त्याने रंगीत, काटेरी साखरदाण्यांची एक लहान पिशवी आणली. मी ती हातात घेतली आणि त्याला विचारले, “अरे, तिकडे हलवा कोण करतो?” ते ‘कोम्पेतो’ होते. पोर्तुगीज भाषेत साखरेने मढवलेल्या दाण्याला ‘कॉन्फेइतो’ म्हणतात, त्या शब्दाचे हे जपानी रूप आहे. लुईस फ्रॉइस या पोर्तुगीज धर्मोपदेशकाने १५६९ मध्ये ओदा नोबुनागा या सरदाराला काचेच्या बाटलीत भरून कोम्पेतो भेट दिल्याची नोंद आहे.

हलवा कसा करतात हे अनेकांना ठाऊक नसते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. तीळ, खसखस किंवा साबुदाणा पसरट भांड्यात मंद आचेवर ठेवायचा, त्यावर साखरेचा पातळ पाक चमचाभर सोडायचा आणि तो सुकेपर्यंत दाणे बोटांच्या टोकांनी सतत फिरवत राहायचे. सुकला की पुन्हा चमचाभर. असे तीन-चार दिवस चालते. पाक एकदम जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली तर साखर पिवळी पडते, आणि हवा दमट असेल तर काटाच येत नाही; म्हणून पौषातली कोरडी थंडी या कामाला लागते. काटा येतो तो असा, की दाण्यावर कोठेतरी पहिला बारीक उंचवटा तयार होतो, पुढचा पाक त्यालाच अधिक लागतो आणि तोच वाढत जातो. कोम्पेतोचे कारागीर तिरक्या, सतत फिरणाऱ्या मोठ्या कढईत हेच करतात आणि त्यांना एका घाण्याला सुमारे दोन आठवडे लागतात. त्यांच्या दाण्याच्या गाभ्यात पूर्वी खसखस असे. तोराहिको तेरादा या जपानी भौतिकशास्त्रज्ञाने तर या काट्यांच्या उगमावर आणि संख्येवर गंभीरपणे लेखन केले आहे. शास्त्रज्ञाने हलव्याच्या काट्याकडे लक्ष द्यावे, याचा मला फार आनंद झाला.

दोघांचा उपयोगही मिळताजुळता आहे. आपल्याकडे नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला आणि बाळाला बोरन्हाणाला हलव्याचे दागिने घालतात. जपानच्या राजघराण्यात शुभकार्याच्या वेळी पाहुण्यांना छोट्या नक्षीदार डबीतून कोम्पेतो देतात. म्हणून तक्त्यात एकच जोडी ठेवायची झाली, तर मी हलवा आणि कोम्पेतो ही ठेवीन.

फरक आहे तो काट्यात. गेल्या संक्रांतीला मी हौसेने भाच्याने आणलेले कोम्पेतो नातवाच्या बोरन्हाणाच्या मुकुटात बसवायचे ठरवले. आपल्या हलव्याचा काटा बारीक आणि अणकुचीदार असल्यामुळे दोऱ्याची गाठ त्यात रुतून बसते. कोम्पेतोचे काटे मोजके आणि बोथट असतात; गाठ मारली की दोरा सरकतो आणि दाणा निसटून जमिनीवर पडतो. शेवटी कपाळावरच्या सात दाण्यांना मैद्याच्या खळीने चिकटवावे लागले, आणि बाकीचा मुकुट मी नेहमीच्या हलव्यानेच पुरा केला.