दुसरा शनिवार

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

मुलांसाठी हातकामाच्या कार्यशाळा भरवण्याबद्दलचं तुझं पत्र काल रात्री वाचलं आणि आज पहाटे उठून पुन्हा वाचलं. नऊ स्वयंसेवक, चौदा विषयांची यादी, 'एकाच दिवशी दोनशे मुलं जमवा, खर्च आम्ही उचलतो' म्हणणारा देणगीदार, आणि शेवटी तुझं ते वाक्य: 'ताई, कुठून सुरुवात करू, काही सुचत नाही.' ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लगेच लिहायला बसले. काम मोलाचं आहे, तू जरूर कर, वगैरे मी लिहिणार नाही. ते तुला ठाऊक नसतं तर तू चार पानं लिहिलीच नसतीस. मला एवढंच सांग, त्या चार पानांत दुसऱ्या कार्यशाळेची तारीख कुठे आहे?

पहिलीची तारीख आहे, वेळ आहे, फलकावरचा मजकूरही तयार आहे. दुसरीबद्दल फक्त 'प्रतिसाद बघून ठरवू'. ते वाक्य आधी खोड. दुसरा शनिवार ठरल्याशिवाय पहिला शनिवार घ्यायचा नाही.

हे मी कुठे शिकले ते सांगते. तुझ्याएवढी असताना मी सोल्डरिंगची, म्हणजे सोल्डर नावाचा मऊ धातू वितळवून तारा जोडण्याची, एक दिवसाची कार्यशाळा भरवली होती. ११० मुलं आणि ८ सोल्डरिंग गन. प्रत्येकानं एक एलईडी, प्रवाहाला आवर घालणारा एक रेझिस्टर आणि ९ व्होल्टची बॅटरी जोडून दिवा पेटवायचा. तुकड्या पाडल्या, घड्याळ लावलं. एका तुकडीची वेळ संपत आली की आमचे स्वयंसेवक मुलांच्या हातातली गन घेऊन उरलेले जोड स्वतः मारून देत. संध्याकाळपर्यंत सगळे दिवे पेटले. प्रमाणपत्रं वाटली, फोटो काढले. मी इतकी खूश होते की त्या रात्री जेवणाचंही भान नव्हतं.

पुढच्या शनिवारी एक मुलगी त्याच वेळी त्याच सभागृहाच्या बंद दारापाशी आली होती. हातात तो दिवा, विझलेला. तिनं पहारेकऱ्याला विचारलं, 'त्या ताई आज येणार ना?' तो नाही म्हणाला, तरी ती बराच वेळ पायरीवर बसून राहिली. मला हे तीन महिन्यांनी कळलं. मी वही काढली. वहीत आकडा होता, ११०. नावं नव्हती. तिला शोधायचं कसं? आजही तिचं नाव मला माहीत नाही.

तिचा दिवा का विझला असेल, याचा मात्र मला अंदाज आहे. सोल्डरिंगमध्ये नवख्याची एक चूक ठरलेली असते. तो गनच्या टोकावर सोल्डर वितळवून तारेवर टेकवतो. खरं तर आधी तार आणि एलईडीचा पाय, दोन्ही गनच्या टोकानं तापवायचे आणि त्यांच्या उष्णतेनं सोल्डर वितळू द्यायचं. तसं झालं नाही तर सोल्डरचा गोळा नुसता वर बसतो, आत धरत नाही. याला ड्राय सोल्डर म्हणतात. त्या दिवशी दिवा पेटतो. आठवड्यात तार दोनचार वेळा हलली की जोड सुटू शकतो. म्हणजे पहिल्या दिवशी आपल्याला जे यश दिसतं त्याची परीक्षा आपण घरी गेल्यावर होते. मूल तो विझलेला दिवा घेऊन परत येतं, जोड निरखतं, गोळा निस्तेज आणि खडबडीत आहे हे त्याला दिसतं, आणि ते स्वतः पुन्हा तापवून दुरुस्त करतं, तेव्हा त्याला सोल्डरिंग यायला लागतं. पहिल्या शनिवारी आपण दिवा देतो. कौशल्य दुसऱ्या शनिवारी येतं. शिवणकाम घे, सायकलची दुरुस्ती घे, सगळीकडे हेच. उसवलेली शिवण आणि पुन्हा बसलेली हवा आठवड्यानंतरच दिसते.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ साली स्वतःवर केलेले स्मरणाचे प्रयोग छापले. तो निरर्थक अक्षरं पाठ करी, काही काळ जाऊ देई आणि मग तीच पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचला ते मोजी. एका दिवसानं ही बचत सुमारे एक-तृतीयांशच उरत होती. हाताचं काम आणि निरर्थक अक्षरं एक नव्हेत, मला कळतं. पण त्याच्या मोजण्याच्या पद्धतीकडे बघ. किती उरलंय, हे माणूस पुन्हा शिकायला बसला तरच कळत होतं. आणि तू पुन्हा बसवणारच नसशील तर काय मोजणार आहेस? टाळ्या?

आता तुझे स्वयंसेवक. 'लोक येतो म्हणतात आणि येत नाहीत' असं तू लिहिलंस. अरे, तू त्यांना 'जमेल तेव्हा या' सांगितलं आहेस. जमेल तेव्हा म्हणजे कधीच नाही. चार शनिवार, दोन ते चार, अमुक तारखेला काम संपलं, असं नेमकं माग. ज्याला सुटण्याची तारीख माहीत असते तो बांधून घ्यायला घाबरत नाही. प्रत्येकाच्या नावापुढे एक बदली माणूस आजच लिहून ठेव. नऊ माणसांत चौदा विषय होत नाहीत; दोन होतील, तेही नीट. बाकीचे बारा खोडताना वाईट वाटेल. वाटू दे.

ज्याला ते काम सर्वांत चांगलं येतं, त्याला शिकवायला उभं करण्याआधी एकदा तालीम घे. निष्णात माणसाचा हात आपोआप चालतो आणि आपण कोणत्या पायऱ्या गाळतोय हे त्याला उमगत नाही. त्याला एकच नियम दे: मुलाच्या हातातलं अवजार घ्यायचं नाही. आणि खोलीत मुलासोबत एकटा मोठा माणूस कधीही नको, कायम दोघं. यावर चर्चा नाही.

१९९८ मध्ये सुरू झालेल्या सॉफ्टवेअर कार्पेंट्री या उपक्रमात संशोधकांना संगणकाची कामं शिकवतात, तेही बरेचसे स्वयंसेवकांच्या बळावर. तिथे प्रत्येकाला दोन रंगांचे चिकट कागद देतात. एक रंग 'झालं', दुसरा 'अडलंय'. हात वर करायला लाजणारा माणूसही कागद चिकटवतो. शेवटी त्याच कागदांवर काय कळलं आणि काय नाही ते लिहून घेतात. माझ्याकडे त्या 'नाही कळलं'च्या कागदांतूनच पुढच्या शनिवारचा पाठ तयार होतो. पुढचा शनिवार नसेल तर ते कागद कचऱ्यात जातील.

देणगीदाराला काय सांगायचं? दोनशे मुलं एकदा बोलावण्याऐवजी वीस मुलं चार शनिवार बोलावतो, म्हण. तो नाही म्हणाला तर नाही. याच मुद्द्यावरून माझं माझ्या सोबत्यांशी बिनसलं, हे तू कुणाकडून तरी ऐकलं असशील. ते म्हणाले, तुझ्या हट्टामुळे शेकडो मुलं मुकतील. मी बाहेर पडले. त्यांनी पुढे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त मुलांपर्यंत काम नेलं, हे मी नाकारत नाही, आणि त्यांतल्या एखाद्याला त्या एका दिवसानं वाट सापडलीही असेल. माझ्याकडे काही शनिवारी दोनच मुलं आली. एकदा पावसात कुणीच आलं नाही आणि मी दोन ते चार दार उघडं ठेवून बसले. तेव्हाही मला वाटलं नाही की मी चुकले. आजही वाटत नाही. मुलांना उत्साहानं बोलवायचं आणि आठवड्यानं दाराला कुलूप, हे त्यांच्या तोंडाला पानं पुसणं आहे. सोबत्यांशी बोलताना माझा आवाज चढला, तेवढं चुकलं. ते तू करू नकोस.

हे लिहितानाही आवाज चढलाच आहे बहुतेक. तुझ्यावर राग नाही रे. इतका गोंधळ उडूनही तू काम सोडून द्यायचं म्हणत नाहीस, यानंच मला बरं वाटलं.

या आठवड्यात चार तारखा ठरव आणि वहीत मुलांची नावं लिहायला रकाना आख. मदतनिसांत माझंही नाव घाल. पहिल्या शनिवारी नको, त्या दिवशी सगळेच येतात. तिसऱ्याला घाल, तेव्हा माणसं कमी पडतात. मी दीडलाच येईन, गन तापायला ठेवायच्या असतात.

तुझी,
ताई