आई-बाबांसोबत एक रात्र राजवाड्यात : उदयपूर-जोधपूरसाठी सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न असा : डिसेंबरात सत्तरी ओलांडलेल्या आई-बाबांना घेऊन उदयपूर-जोधपूर करायचं आहे, त्यातली एक रात्र खऱ्याखुऱ्या राजवाड्यात काढायची आहे, तर कुठला वाडा घ्यावा?

आधी हे बघा की तो वाडा तिकीट काढून आतून बघता येतो का. येत असेल तर मुक्कामावर पैसे घालू नका. उदयपूरचा सिटी पॅलेस तिकिटावर पोटभर बघून होतो. त्याच आवारातल्या फतेह प्रकाश वाड्यातली क्रिस्टल गॅलरीसुद्धा वेगळ्या तिकिटावर दाखवतात. महाराणा सज्जनसिंहांनी १८७७ साली इंग्लंडमधल्या ऑस्लर कंपनीकडे काचेचं फर्निचर मागवलं आणि फर्निचर यायच्या आधीच महाराणा वारले, तो हा ऐवज. लेक पॅलेसचं उलट आहे. पिछोला तलावातल्या बेटावर होडीनेच जावं लागतं आणि पाहुण्यांखेरीज सहसा कुणाला घेत नाहीत. तिथे राहणं हाच बघण्याचा मार्ग, पण दर ऐकूनच डोळे पांढरे होतात. जोधपूरचं उमेद भवन अधलंमधलं आहे. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून १९२९ला सुरू झालेला हा ३४७ खोल्यांचा वाडा राजघराणं, हॉटेल आणि संग्रहालय यांच्यात वाटलेला आहे. तिकिटावर एक छोटा भागच दिसतो, मुख्य घुमट हॉटेलकडे.

आता नावाबद्दल. ‘पॅलेस’ ही पाटी कुणीही लावतो. पर्यटन मंत्रालयाच्या हेरिटेज वर्गवारीत १९५० पूर्वीच्याच वास्तू येतात, आणि त्यात ‘हेरिटेज ग्रँड’, ‘हेरिटेज क्लासिक’ आणि नुसती ‘हेरिटेज’ असे गट आहेत. फोन करून वर्ग विचारा. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न : “खोली मूळ वाड्यातली की नव्या विंगमधली?” वेबसाइटवर फोटो असतो दरबार हॉलचा आणि खोली मिळते बागेपलीकडच्या नव्या बांधकामात.

पण मूळ खोली म्हणजे हमखास चांगली असंही नाही, आणि ज्येष्ठांच्या बाबतीत इथेच घोळ होतो. जिने अरुंद, वळणाचे, पायऱ्या उंच आणि एकसारख्या नाहीत. जाडजूड भिंतींत शाफ्ट काढता येत नाही म्हणून लिफ्ट बहुतेक नसतेच. बाथरूम नंतर बसवलेलं. जुनी फरशी फोडायची नसल्याने पाइप वरून नेतात आणि बाथरूमची जमीन खोलीपेक्षा एक-दीड वीत उंच होते. दारातच ती पायरी येते आणि रात्री उठलेला माणूस नेमका तिथे अडखळतो. म्हणून बुकिंगच्या वेळीच “तळमजल्याची खोली, बाथरूमला पायरी नको” असं ईमेलवर लिहून घ्या. तोंडी आश्वासन रिसेप्शनपर्यंत पोचत नाही. झरोक्यांच्या खोल्या दिवसाही अंधाऱ्या आणि डिसेंबरात चांगल्याच गार असतात, तेव्हा हीटर आधीच मागून ठेवा. गरम पाणी लांबच्या पाइपमधून येतं, नळ थोडा वेळ सोडून ठेवावा लागतो.

तारखांचं गणित पंचांगात आहे. नोव्हेंबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत लग्नांचा धुमाकूळ : एकतर अख्खा वाडा बुक, नाहीतर मध्यरात्रीपर्यंत डीजे. १६ डिसेंबरच्या सुमारास सूर्य धनुराशीत गेला की तिकडे खरमास लागतो आणि संक्रांतीपर्यंत मुहूर्त नसतात. नाताळचे दर २२-२३ पासून चढतात. ३१ तारखेला तर गाला डिनर सक्तीचं असतं आणि त्याचे पैसे वेगळे. म्हणजे १७ ते २१ ही फट धरा, किंवा ५ जानेवारीनंतरचा आठवडा. दिसणाऱ्या भाड्यात कर धरलेला नसतो. रात्रीला ७,५०० रुपयांवर भाडं गेलं की १८ टक्के जीएसटी, म्हणजे २०,००० ची खोली २३,६०० ला पडते.

तुमच्यासाठी माझं मत : दोन्ही शहरांत साधं, लिफ्टचं हॉटेल घ्या आणि राजवाड्याची रात्र वाटेत काढा. मारवाडातल्या नारलाई गावात रावला नारलाई आहे, जोधपूर घराण्याचं जुनं शिकारगृह. आकार माणसांना झेपेल असा, आणि दिव्यांच्या उजेडात बावडीकाठी (पायऱ्यांच्या जुन्या विहिरीपाशी) जेवण देतात. मेवाडातला देवगढ महाल वास्तू म्हणून त्याच्यापेक्षा देखणा आहे, पण जिने बघता आई-बाबांना नको. (इतका प्रवासच झेपणार नसेल तर आपली सावंतवाडी आहेच. जांभ्या दगडाचा राजवाडा, दरबार हॉलमध्ये गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) रंगवणारे कारागीर, समोर मोती तलाव. खोल्या मात्र मोजक्याच, लवकर भरतात.)

उदयपूरहून सकाळी साडेनऊ-दहाला निघा, सुमारे नव्वद किलोमीटरवर रणकपूर. तिथलं जैन मंदिर पर्यटकांना दुपारी बारानंतरच उघडतं, त्यामुळे पहाटे निघून काही साधत नाही. चामड्याचा पट्टा, पाकीट गाडीतच ठेवा. मंदिर करून तीनपर्यंत नारलाईला पोचलात की खोली तयार असते आणि उजेडात वाडा बघून होतो. संध्याकाळी सातला पोचून सकाळी आठला निघायचं असेल तर राजवाड्याचं भाडं भरूच नका. दुसऱ्या दिवशी निवांत नाश्ता करून निघालात तरी जोधपूर साधारण तीन तासांवर. तिथल्या मेहरानगड किल्ल्याला आत लिफ्ट आहे. तिचं तिकीट वेगळं, ते खालीच काढून घ्या.